पाइपवरचे तीन ठोके

१

माझी सकाळ बाबांच्या चमच्यानं होते. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी, भिंतीला लागून, पाण्याचा लोखंडी पाइप आहे. बेसमेंटमधल्या मोटारीपासून निघतो तो थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत. त्यावर बाबा डाव्या हातानं स्टीलचा चमचा वाजवतात. दोन ठोके म्हणजे पाणी पाहिजे. तीन म्हणजे मला वर घे, उठवून बसव.

बाबा म्हणजे चंद्रभान, उभा जन्म नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागेत गेला. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हा त्यांना मनीषनगरला माझ्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. मी अरुंधती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे बापाला आणायला कुणाची परवानगी लागली नाही. दिवसा रुखमाबाई असतात. त्या बाबांचं सगळं करतात आणि वर मलाही चार गोष्टी सुनावतात.

ही ठोक्यांची भाषा बागेतल्या विहिरीतली आहे. मोटारीच्या पाइपाच्या तळाशी असलेला फुटव्हॉल्व्ह अडकला की एक माणूस दोरावर खाली उतरायचा. विहिरीत हाक घुमते, खालचा काय म्हणतो ते वरच्याला समजत नाही. म्हणून तो पान्यानं पाइपवर ठोकायचा. दोन म्हणजे सामान सोड. तीन म्हणजे मला वर ओढ. आणि वरच्यानं काहीही ऐकलं की आधी उलट एक ठोका द्यायचा: ऐकलं. लहानपणी एकदा मी आंबट संत्री खाण्याच्या नादात तो द्यायला विसरले, तर बाबा माझ्या अंगावर धावून आले होते.

"खालच्याले कसं समजन का वर कोणी हाये?" म्हणाले. "अन् तीन वाजले का ओढाचं. कोण हाये, काहून बोलावते, हे वर आल्यावर इचाराचं."

झटका आल्यावर डॉक्टरांनी पाटी-पेन्सिल दिली, ती बाबांनी फेकून दिली. चमचा दिला, तो धरला. तिसऱ्या ठोक्याला त्यांचा हात थरथरतो, चमचा पाइपला दोनदा लागतो. टण, टण, ट-टण. मी असेन तिथून उत्तर देते. हातात बहुतेक किल्ल्यांचा जुडगा असतो, त्यानंच. एक ठोका, मागून किल्ल्यांची छनछन. ती ऐकली की बाबांचा चेहरा सैल पडतो. माझ्यापाशी त्यांच्याशी बोलायला एवढंच उरलं होतं आणि तेवढं मला पुरत होतं.

२

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी घरातल्या घरात काम शोधलं. आमच्या विभागाची कोळ्यांची पाहणी चालू आहे. मी घेतले ते तळघरातले कोळी. तुम्ही पाहिलेच असतील. न्हाणीच्या कोपऱ्यात जळमटाला उलटे टांगलेले असतात, अंग तांदळाएवढं आणि पाय केसासारखे लांब. शास्त्रात त्यांच्या एका प्रजातीला फोल्कस म्हणतात. फोल्कस हे आडनाव समजा. त्या आडनावाच्या तीनशेवर जाती आहेत. एक या डोंगरात, तर तिची बहीण पलीकडच्या डोंगरात. वरून बघाल तर सगळ्या सारख्या. ओळखायचं तर नर लागतो. त्याच्या तोंडापाशी दोन आखूड हात असतात, त्यांच्या टोकाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. तिथे केसभर फरक असतो आणि तेवढ्यावर सगळं ठरतं.

आमच्या बिल्डिंगला बेसमेंट आहे. पार्किंग होणार होतं, पण खोदताना झरा लागला. आता तिथे घोटाभर पाणी, एक मोटार आणि असंख्य जळमटं. बाबांच्या खिडकीखाली, कूलरच्या स्टँडमागे, त्या बेसमेंटचा जाळीचा झरोका आहे. बाहेर पंचेचाळीस अंश असताना खाली गार असतं. मला तर सुट्टीचं ठिकाण सापडल्यासारखं झालं.

प्रेमानंद आमचा वॉचमन. पंचावन्नचा असेल, मोटार तोच चालवतो. मी चिमट्यानं कोळी धरून स्पिरिटच्या बाटलीत टाकत होते, तर तो पायरीवर बसून बघत होता.

"मॅडम, याचा पगार भेटते का तुम्हाले?"

"भेटतो की."

"घ्या. आमची बायको फुकटात झाडून टाकते."

चार दिवसांत मी एकोणीस कोळी धरले. सगळ्या माद्या. काहींच्या तोंडात अंड्यांचा पुंजका. नर एकही नाही. हे जरा विचित्र होतं, पण पाहणीत असं होतं. वहीत मी जागेचा नकाशा काढला: पायऱ्या, मोटार, पाइप, सहा कॉलम. मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पलीकडे, शेवटच्या कॉलमला टेकून बांधकामाच्या सळया उभ्या होत्या. त्याही काढल्या आणि बाजूला लिहिलं, सळया, सात किंवा आठ.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला पाइप वाजला. टण, टण, ट-टण. मी खालूनच जुडग्यानं एक ठोका दिला आणि वर गेले. बाबा झोपलेले. घोरत होते. चमचा टेबलावर, वाटीत होता, त्यांच्या हातापासून लांब.

"एका तासाचे झोपून हायेत," रुखमाबाई म्हणाल्या. "कूलरची हवा लागली का लेकरावानी झोपते म्हातारा. तुमाले काहून घाम फुटला वं?"

"पायऱ्या चढून आले ना," मी म्हटलं. त्या अकराच पायऱ्या आहेत.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ठेवला असता तर मुलांना काय तोंड दाखवलं असतं? मोटार बंद झाली की पाण्याचा दणका पाइपला बसतो, पाइप वाजतो. उन्हानं लोखंड फुगतं, तेही वाजतं. मग तीनच वेळा का? तर योगायोग. तिसरा थरथरता का? तर माझे कान. असं सगळं मी व्यवस्थित मांडलं आणि चहा घेतला.

मग दोन दिवस बाबांच्या उशाशी मोबाइल ठेवून आवाज टेप केला. बाबांचे खरे ठोके त्यात होते. आणि दोन्ही दिवशी अकरा वाजता, त्यांच्या घोरण्याच्या आवाजावर, तीन ठोके होते. मी एकापाठोपाठ एक लावून ऐकले. नर ओळखताना सूक्ष्मदर्शकात बघते, तशाच हट्टानं. कुठे तरी फरक असायलाच हवा होता. ट-टण मधलं अंतरही तेवढंच होतं. चूकसुद्धा जशीच्या तशी उचललेली.

तेव्हा मला माझाच वर्गातला तास आठवला. फोल्कस दरवेळी स्वतःच्या जाळ्यात बसून वाट पाहत नाही. तो दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यात शिरतो, एका कडेला बसतो आणि धागा हलवतो. कसा? तर अडकलेलं भक्ष्य धडपडतं, अगदी तसा. घरमालकाला वाटतं, काही सापडलं. तो धावत येतो. मुलं या ठिकाणी नेहमी हसतात. मीही हसवते.

त्या रात्री मी नीट झोपले, खोटं कशाला सांगू. पण सकाळी प्रेमानंदला म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्या सळया काढून टाका ना, कुणाला लागतील."

"कोणत्या सळया?"

"मागच्या कॉलमजवळच्या."

तो हसला. "मॅडम, सळई कोणता बिल्डर सोडून जाते? भंगारात किलोनं विकते तो. मी बारा वर्षांचा इथं हाओ. खाली एक खिळा बी नाही."

मी त्याला वही दाखवणार होते. नाही दाखवली. मलाच वाटलं, अंधारात काही तरी चुकीचं बघितलं असेल. आणि पाहणीचा अहवाल आठ दिवसांत द्यायचा होता. एक नर मिळाला असता तर काम संपलं असतं. मी ठरवलं, एकदाच जायचं, नर धरायचा, आणि त्या बेसमेंटला कायमचं कुलूप.

४

रविवारी दहा वाजता गेले. रुखमाबाई बाबांना आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. प्रेमानंदनं मोटार लावली आणि तो भाजी आणायला गेला.

पुढच्या भागात जाळी रिकामी होती. एकही कोळी नाही, नुसती जळमटं. मी पाण्यात उतरून मागे गेले. तिथे होते सगळे. शेवटच्या दोन कॉलमच्या मध्ये, छताला, दाटीवाटीनं. मी चिमटा उघडला आणि मोटार घरघरून बंद पडली. तिच्यासोबत दिवाही गेला. लोड वाढला की असं होतं आमच्याकडे.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. कोळी फिरत होते. या कोळ्याला हात लागला की तो टांगल्या जागी गरगरा फिरतो, इतका की दिसेनासा होतो, त्याची ती लपायची रीत. पण हात लागावा लागतो. मी कुणालाही शिवले नव्हते. शेकडो होते, सगळे एकाच वेळी, आवाज न करता.

मी कोपऱ्यात उजेड टाकला. कॉलमजवळ सळया नव्हत्या.

एक माझ्या उजव्या हाताला होती. पाण्यातून निघून छतापर्यंत गेलेली, बोटाएवढी जाड. मी टॉर्च हळूहळू वर नेला. निम्म्यावर तिला सांधा होता. त्याच्यावर बारीक केस होते. त्याहून वर मी टॉर्च नेला नाही. आयुष्यभर मुलांना सांगत आले की नीट बघा, शेवटपर्यंत बघा. मी नाही बघितलं.

मी मागे सरत सरत पाइपपाशी आले आणि जुडग्यानं तीन ठोके दिले. मला वर ओढ. पंचाहत्तर वर्षांच्या, अर्ध्या अंगानं लुळ्या माणसाला मी सांगत होते की मला ओढ. पण हात आपोआप तेच वाजवून गेला.

वरून एक ठोका आला. चमच्याचा. ऐकलं.

लगेच माझ्या मागून, पाण्याच्या बाजूनं, दुसरा एक ठोका आला. आणि त्याच्या मागून किल्ल्यांची छनछन.

माझा जुडगा माझ्या हातातच होता. तो तिथेच निसटला, मोबाइलही पाण्यात पडला आणि अंधार झाला. कुठल्या दिशेला पायऱ्या आणि कुठल्या दिशेला ते, मला काही सुधरेना. माझ्या केसांवर, मानेवर जळमटं बसत होती. मी भ्याले. एवढी भ्याले की उभ्या उभ्या रडायला लागले.

आणि तेव्हा झरोक्यातून हाक आली. "अरूऽऽ."

दीड वर्षात बाबांच्या तोंडून शब्द नव्हता. जड, ओढलेला, पण त्यांचाच आवाज. पुन्हा, "अरूऽऽ." मी त्या आवाजाच्या रोखानं चालत राहिले. झरोक्याचा उजेड दिसला, मग पायऱ्या दिसल्या.

५

वर आले तर रुखमाबाई दारातच होत्या, डोळ्यांत पाणी. "ताई, बाबा बोलले वं! तुमचं नाव घेतलं! अन् तुमी होत्या कुठं? एक वाजून राहिला."

मला वाटत होतं, मी खाली दहा मिनिटं होते.

त्यांनी माझ्या अंगावरची जळमटं हातानं काढली, तोंडानं माझा उद्धार चालूच. मी अंघोळ केली आणि बाबांपाशी गेले. सांगायचं होतं, बाबा, तुम्ही ओढलंत मला. त्यांच्यासमोर पाण्याचा पेला धरला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे, मग हातांकडे, बराच वेळ. आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी प्रेमानंदनं बेसमेंटला नवं कुलूप घातलं. रुखमाबाईंनी संत्रा बर्फी आणून सगळ्या मजल्यांवर वाटली. डॉक्टर म्हणाले, मेंदू सावरताना अशी गल्लत होते, ओळखीची माणसं परकी वाटतात, वेळ द्या. मला ते पटलं. पटवून घ्यायची मला सवय आहे. बाबा रुखमाबाईंच्या हातनं जेवतात, त्यांच्याकडे बघून हसतात. प्रेमानंदला नावानं हाक मारतात. आता दिवसाला पाच-सहा शब्द येतात त्यांना. गल्लत होते ती फक्त माझ्या बाबतीत.

मी आरशासमोर उभी राहून पाहिलं. कपाळावरचा लहानपणीचा व्रण जागेवर आहे. बागेतलं सगळं आठवतं, आंबट संत्रीसुद्धा. कॉलेजच्या कपाटाचा नंबर आठवतो. फरक काही सापडत नाही. पण वरून बघून सापडत नसतोच, हे मीच शिकवते.

काल अकरा वाजता मी बाबांच्या खोलीत पडदे लावत होते. रुखमाबाई स्वयंपाकघरात फोडणी देत होत्या. पाइप वाजला. तीन ठोके, प्रत्येकामागे किल्ल्यांची छनछन. जुडगा पाण्यात पडलाय, पाणी हलत असेल, पाइपला लागत असेल, मी स्वतःला सांगितलं. मग कूलरमागच्या झरोक्यातून हाक आली.

"बाबा."

तो आवाज मी रोज वर्गात ऐकते. तो माझा होता.

बाबांनी चमचा उचलला आणि पाइपवर एक ठोका दिला. त्यांचा चेहरा तसाच सैल पडला, जसा माझ्या उत्तरानं पडायचा. मग ते माझ्याकडे वळले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. एकेक शब्द जोर लावून काढत होते, आणि बोलत होते ते परक्या बाईशी बोलावं तसं, मानानं.

"बाई," म्हणाले, "माही पोरगी... खाली हाये. तिले वर घ्या."

"बाबा, मी अरू आहे ना."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. समजूत घातल्यासारखी.

"मले बाबा... नोका म्हणू. थे म्हणते."

पाइप पुन्हा वाजला. तीन. बाबांचे डोळे भरून आले. मला चांगलं पाठ आहे, तीन वाजले की विचारायचं नसतं, ओढायचं. आज सकाळी मी प्रेमानंदकडून नव्या कुलपाची किल्ली मागून घेतली. ती टेबलावर ठेवली आहे, चमच्याच्या वाटीशेजारी. बाबा मघापासून तिच्याकडेच बघत आहेत, आणि अकराला दहा मिनिटं आहेत.